चाकावरचा संसार : सिरॅमिक प्लेट घालावी का?



या सदराला येणारी पत्रे बहुधा गाडी चालवणाऱ्यांची असतात. या वेळचे पत्र गाडी चालवणाऱ्याच्या घरून आले आहे. कल्याणजवळच्या एका वस्तीतून एका भगिनीने वहीच्या दोन पानांवर सगळी हकीकत लिहून पाठवली आहे. नाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही.

त्यांच्या पतीची सात आसनी सीएनजी गाडी आहे. गाडी कर्जावर घेतलेली. आठवडाभर विमानतळाची भाडी, शनिवार-रविवार नाशिक नाहीतर शिर्डी. गाडीचा पहिला, कंपनीतून आलेला क्लच बासष्ट हजार किलोमीटर चालला. दुसरा घातला तो अकरा हजारांतच बसला. आता गॅरेजवाला म्हणतो, साधी प्लेट तुमच्या कामाला टिकणार नाही, सिरॅमिक घाला, रेसच्या गाड्यांना असते ती. जन्मात परत गिअरबॉक्स उतरवावा लागणार नाही. पैसे दुपटीच्याही वर. ताई लिहितात, "बचत गटातून पंधरा हजार उचलायचे ठरत आहे. पण भाऊ, ही सिरॅमिक प्लेट खरेच एवढी चांगली असते का? मी विचारले तर हे म्हणतात, तुला गाडीतले काय कळते?"

ज्या बाईला हप्त्याची तारीख पाठ असते तिला गाडीतले पुष्कळ कळते, हे प्रथम त्यांच्या पतीस सांगतो. आणि उत्तरही आधीच सांगून टाकतो. ताई, सिरॅमिक घालू नका. परंतु नुसते 'नको' म्हणून भागणार नाही, कारण उद्या गॅरेजवाला चार गोष्टी सांगेल आणि आमचे दोन शब्द वाऱ्यावर जातील. म्हणून मुळापासून सांगतो.

माझे वडील परळला गिरणीत होते. जुन्या गिरण्यांत वर छताजवळ एक लांब शाफ्ट सतत फिरत असे आणि तिथून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राला येत. यंत्राजवळ दोन पुल्या शेजारी शेजारी असत, एक सुटी नि एक पक्की. पट्टा सुट्या पुलीवर असला की वरचा शाफ्ट फिरतो आणि यंत्र उभे राहते. कामगाराने दांडा सरकवून पट्टा पक्क्या पुलीवर आणला की यंत्र चालू होते. पण एकदम होत नाही. पट्टा आधी थोडा घसरतो, कुरकुरतो, मग धरतो. ती जी मधली घसर आहे ना, तोच क्लच. एकदम धरले असते तर पट्टा तरी तुटला असता नाहीतर यंत्राचे दात गेले असते.

गाडीत तेच आहे. इंजिन सिग्नलला उभे असतानाही मिनिटाला सात-आठशे फेरे मारीत असते. चाक मात्र जागेवर. या दोघांची गाठ घालायची तर मध्ये काहीतरी घसरणारे हवे. इंजिनाच्या मागे ओतीव लोखंडाचे जड चाक असते, ते फ्लायव्हील. त्याच्यावर प्रेशर प्लेट बोल्टने बसवलेली. या दोघांच्या मध्ये सँडविचसारखी क्लच प्लेट. पाय पेडलवर नसतो तेव्हा प्रेशर प्लेटची स्प्रिंग क्लच प्लेटला काही शे किलोच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते आणि तिघे मिळून एक होऊन फिरतात. पेडल दाबले की दाब सुटतो, प्लेट मोकळी होते. पाय हळूहळू सोडला की घसरत घसरत धरते.

घसरले की तापते. गार सकाळी हाताला हात घासून पाहा. तेव्हा प्लेटच्या दोन्ही बाजूंना जे लायनिंग लावलेले असते त्याला एकाच वेळी दोन उलटी कामे करायची असतात. सुरुवातीला छान घसरायचे आणि नंतर अजिबात घसरायचे नाही. शिवाय ताप सहन करायचा आणि समोरच्या लोखंडाला खायचे नाही. हे सगळे गुण पुरेपूर असलेला पदार्थ अजून कुणाला सापडलेला नाही. जो तो काही देतो आणि काही घेतो.

अगदी पहिल्या मोटारींत लायनिंग चामड्याचे असे. शंकूच्या आकाराचा क्लच आणि त्यावर चामडे बसवलेले. ते वाळले की धक्के देई, म्हणून त्याला तेल पाजावे लागे. तेल जास्त झाले की घसरे, मग त्यावर मुलतानी मातीसारखी माती टाकीत. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने १८९७ साली ब्रेकचे लायनिंग बनवायला सुरुवात केली. एका गाडीवानाने उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुना बूट लावलेला त्याने पाहिला आणि तिथून त्याला कल्पना सुचली असे सांगतात. आधी सुती विणीचे लायनिंग होते. पुढे त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू आले. ब्रेकमध्ये आले तसे क्लचमध्येही आले, कारण ते जळत नाहीत आणि स्वस्त पडतात. त्या ॲस्बेस्टॉसबद्दल पुढे सांगायचे आहेच.

आज तुमच्या-आमच्या गाडीत कंपनीतून जी प्लेट येते तिला बाजारात ऑर्गॅनिक म्हणतात. भाजीपाल्याशी याचा काही संबंध नाही! काचेचे आणि इतर तंतू, राळेसारखे रेझिन, थोडे रबर आणि पुष्कळदा तांब्याची किंवा पितळेची बारीक तार, हे सगळे एकत्र करून दाबून भाजलेली ती गोल कडी असते. रंग तपकिरी किंवा करडा. उजेडात धरली तर तार चमकते. कड्या दोन, एक पुढून एक मागून, रिव्हेट मारून बसवलेल्या. दोहोंच्या मध्ये पातळ पोलादाची लाटेसारखी वळवलेली पाती असतात. पेडल सोडताना आधी ही पाती दबतात आणि मग पूर्ण पकड येते. गाडी अलगद उचलते ते निम्मे या पात्यांमुळे. लायनिंग मऊ असल्याने झिजते ते स्वतः, फ्लायव्हीलला फारसे खात नाही. वाईट गुण एकच. फार तापली की तिच्यातले रेझिन जळते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, जळक्या वासाने गाडी भरते आणि मग ती पकड धरीत नाही.

दुसरी केव्हलरची. हा तंतू स्टेफनी क्वोलेक या बाईंनी ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६५ साली शोधला. गोळी अडवणारी जाकिटे याच तंतूची करतात. याची प्लेट पिवळसर दिसते, अलगद धरते आणि पुष्कळ टिकते. मात्र नवी घातल्यावर तिला कित्येक शे किलोमीटर जपून चालवून बसवावे लागते आणि एकदा का जबर तापून तिच्यावर चकाकी आली की पुन्हा ताळ्यावर येणे कठीण. आपल्या भाड्याच्या गाड्यांच्या मापात ती सहसा मिळतही नाही. म्हणून तिच्यावर जास्त शाई घालवीत नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवावे की चांगल्या साध्या प्लेटमध्येही आता या जातीचा थोडा तंतू मिसळलेला असू शकतो. तेव्हा खोक्यावर 'केव्हलर' शब्द दिसला म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

आता सिरॅमिक. नाव ऐकून कपबशी डोळ्यांपुढे येते, पण तसे नाही. तांबे किंवा लोखंड यांची भुकटी, तिच्यात सिरॅमिकची पूड, ग्रॅफाइट, असे मिसळून साच्यात दाबतात आणि भट्टीत इतके तापवतात की वितळल्याशिवाय कण एकमेकांना चिकटतात. त्याची बटणे होतात. प्लेटवर गोल कडीऐवजी तीन, चार किंवा सहा बटणे ठोकलेली असतात. पकड जबर, ताप सहन करण्याची ताकद साध्या प्लेटपेक्षा किती तरी जास्त. गॅरेजवाला इथवर खोटे बोलत नाही.

मग ती वाईट का? वाईट नाहीच. तिची जागा वेगळी आहे. आमच्या सातारा-कोल्हापूरकडचे वाचक उसाच्या हंगामात पाहतातच. दोन ट्रॉल्या ऊस भरून ट्रॅक्टर ओल्या रानातून निघतो. पुष्कळ मोठ्या ट्रॅक्टरांना बटणांची प्लेट असते आणि जड ट्रकांनाही. परंतु ट्रॅक्टर-ट्रकचा पहिला गिअर कमालीचा हळू असतो. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर न देता नुसता पाय सोडतो आणि गाडी मुंगीच्या पावलाने निघते. प्लेटला घसरावेच लागत नाही, एकदम धरले तरी चालते. शर्यतीच्या गाडीचे उलटे. तिथे धरते कसे याची फिकीर कुणाला नाही, एकदा सुटली की ती थांबायची नाही.

आणि आपली गाडी? संध्याकाळी सहाला घोडबंदर रोडने गायमुखचा चढ चढून पाहा. चार फूट पुढे, थांब. सहा फूट पुढे, थांब. घाटकोपरहून विमानतळ गाठेपर्यंत पाय किती वेळा खाली-वर होतो हे कुणी मोजले तर मीटरपेक्षा जास्त आकडा येईल. इथे प्लेटला हवी असते ती सावकाश घसरण्याची कला. नेमकी तीच बटणांच्या प्लेटमध्ये नसते. एक तर सुटी, नाहीतर पकडलेली. बऱ्याच बटणांच्या प्लेटांत ती मधली लाटेसारखी पातीही नसतात. त्यामुळे गाडी उचलताना थरथरते, डोके पुढे-मागे होते. मागे बसलेले गिऱ्हाईक म्हणते, भाऊ शिकाऊ आहात काय! तो प्रत्येक धक्का पुढे गिअरच्या दातांना, एक्सलच्या जॉइंटांना आणि इंजिनाच्या रबरांना बसतो. सोबत जोराची प्रेशर प्लेट घातली असेल तर पेडल जड होते आणि बारा तासांच्या ड्यूटीनंतर डाव्या गुडघ्याला ते सहन करावे लागते.

सगळ्यात महत्त्वाचे आता सांगतो. पाय चुकीचा पडत असेल, तर सिरॅमिक प्लेट तापणे थांबवीत नाही. ती फक्त स्वतः जळत नाही. निर्माण झालेली उष्णता कुठे तरी जाणारच. ती फ्लायव्हीलमध्ये जाते, प्रेशर प्लेटमध्ये जाते. त्यांच्यावर निळे डाग पडतात, केसासारख्या चिरा जातात, कडक बटणांनी लोखंडावर चरे पडतात. म्हणजे आधी जळत होती ती बदलण्यासाठीच केलेली वस्तू. आता जळते ते महागाचे लोखंड. घरात फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी जाड तार बांधणाऱ्याची गत आणि ही गत एकच.

हे पुस्तकात वाचून सांगत नाही. १९८० नंतरच्या काळात मी काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींची कामे करीत असे. ती गाडी आता मुंबईच्या रस्त्यावरून गेली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर टॅक्सी म्हणून तिची मुदत संपली. स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली ती गाडी ज्यांनी चालवली त्यांनाच तिची खोड माहीत. त्या वेळी नवी प्लेट घेणे परवडत नसे. जुन्या प्लेटवर नवे लायनिंग ठोकून मिळायचे. एका टॅक्सीवाल्याने, टिकाऊ काही तरी घाला, म्हणून गळ घातली. मी तरुण, अंगात रग. ट्रकच्या लायनिंगचा कडक माल त्याच मापात कापून रिव्हेट मारून दिला. टॅक्सी गॅरेजबाहेर निघाली ती थरथरतच. आठ दिवसांनी तो माणूस परत आला. धंदा बुडाला म्हणून ओरडला नाही, नुसता बसून राहिला. त्याचे ते बसून राहणे मला अजून आठवते. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, माझ्या दोन आठवड्यांच्या मजुरीतून नवी प्लेट आणली. उस्ताद तेव्हा काही बोलले नाहीत. फक्त ती प्लेट महिनाभर माझ्या कामाच्या जागेसमोर खिळ्याला टांगून ठेवली.

असो. आता ताईंच्या गाडीकडे येऊ. पहिला क्लच बासष्ट हजार चालला म्हणजे गाडीत खोट नव्हती आणि पतीचा पायही अगदीच वाईट नसणार. तोच माणूस, तेच रस्ते, आणि दुसरा क्लच अकरा हजारांत गेला. अशा वेळी लायनिंगच्या जातीला दोष देण्याआधी दुसरा क्लच बसवताना काय काय केले नाही, हे शोधायला हवे.

माझा पहिला संशय असा की फक्त प्लेट बदलली, प्रेशर प्लेट जुनीच ठेवली. पैसे वाचवायला बहुतेकजण हेच करतात. पण बासष्ट हजार किलोमीटर तापून गार झालेली स्प्रिंग ढिली पडलेली असू शकते. दाबच कमी असेल तर कसलीही प्लेट घसरणार आणि घसरली की जळणार. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे तिन्ही एकत्र बदलावे. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तीच असते, एकासाठी उतरवा की तिघांसाठी.

दुसरा संशय फ्लायव्हीलवर. जुन्या प्लेटने त्याच्यावर चकाकी आणली असेल, डाग पाडले असतील, तर लेथवर त्याचा चेहरा साफ करून घ्यावा लागतो. काही नव्या डिझेल गाड्यांचे फ्लायव्हील आत स्प्रिंगा असलेले, दोन तुकड्यांचे असते. ते लेथवर लावायचे नसते. ताईंची गाडी सीएनजीची, तिचे बहुधा साधे एकसंध असणार. गॅरेजवाल्याकडून खात्री करून घ्यावी.

तिसरी गोष्ट तेल. इंजिनाच्या मागच्या बाजूला क्रँकशाफ्टला एक सील असते. ते गळू लागले की थेंब थेंब तेल क्लचच्या डब्यात उतरते. तेल लागलेली प्लेट कधी धरत नाही, आणि ती धुऊनही सुधारत नाही. सीलची किंमत क्लचपुढे काहीच नाही. पण ते पाहण्यासाठी सगळे खोलावे लागते, म्हणून खोलले असतानाच पाहायचे. उतरवलेली प्लेट हातात घ्या. काळी, ओलसर, चिकट असेल तर तेल. कोरडी आणि काचेसारखी चकचकीत, कडेला निळसर असेल तर ताप. सारखी झिजून रिव्हेटची डोकी टेकायला आली असतील तर तिने आपले आयुष्य पुरे केले. एकाच बाजूला झिजली असेल तर बसवण्यात चूक.

पेडलला थोडी मोकळीक आहे का तेही पाहावे. केबलचा क्लच असेल आणि केबल ताणून बांधली असेल तर बेअरिंग सदैव दाबलेले राहते, म्हणजे ड्रायव्हरने पाय न ठेवताही क्लच अर्धा सुटलेला असतो. आणि प्लेट कोणत्या दुकानातून आली, खोके सीलबंद होते काय, बिल आहे काय? जुन्या प्लेटला रंग मारून नवी म्हणून विकण्याचा धंदा आजही चालतो.

आता पतिराजांना दोन शब्द. राग मानू नये. सीएनजीवर इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी पडते. सात माणसे आणि वर बॅगा असल्या की गाडी उचलताना ड्रायव्हर नकळत इंजिन जास्त फिरवतो आणि अर्ध्या क्लचवर खेचतो. चढावर उभे राहताना हँडब्रेक लावण्याऐवजी क्लचवर गाडी धरून ठेवतो, मागे-पुढे डुलत. कसारा घाटात वाहतूक अडली की अशा दहा मिनिटांत प्लेटचे महिने जातात. दुसऱ्या गिअरवर गाडी उचलण्याची सवय असेल तर तीही सोडावी. आणि चालत्या गाडीत डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नये. चप्पल पाहिली तरी कळते. डाव्या पायाची चप्पल अंगठ्याखाली जास्त झिजलेली असेल तर ताईंनी ती पुरावा म्हणून दाखवावी.

क्लच खरेच गेला आहे का, हे घरच्या घरीही पाहता येते. मोकळ्या सपाट जागी, पुढेमागे कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून, उजवा पाय ब्रेकवर ठेवून, तिसरा गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड शाबूत आहे. फिरतच राहिले तर घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर तिनेच प्लेट जळेल.

ॲस्बेस्टॉसचे सांगायचे राहिले. आम्ही पोरे क्लच खोलला की आतली काळी भुकटी तोंडाने फुंकायचो. कॉम्प्रेसर आला तेव्हा तर मजाच वाटायची, एका फुंकरीत डबा साफ आणि सगळे गॅरेज धुराने भरलेले. त्याच हातांनी डबा उघडून जेवायचो, तेच कपडे घालून घरी यायचो आणि घरची बाई ते झटकून धुवायची. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी रोग वर येतो, कर्करोगसुद्धा. माझे उस्ताद शेवटची काही वर्षे खोकतच होते. त्यांना नेमके काय झाले होते ते कुणी तपासले नाही, बिडीवर खापर फुटले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या बाबतीत निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे त्यात म्हटले. कामगारांच्या आरोग्याची नोंद निदान चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेशही दिला. रोग इतक्या उशिरा येतो म्हणूनच तो आदेश. पण गॅरेजमध्ये हाताखाली राबणाऱ्या पोराची नोंद ठेवतो कोण? युरोपियन संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. आपल्याकडे तशी सरसकट बंदी आलेली नाही. म्हणून स्वस्तातले, बिननावाचे लायनिंग घेऊच नये आणि खोक्यावर ॲस्बेस्टॉसविरहित असे लिहिलेले पाहूनच घ्यावे. ज्यांची मुले गॅरेजमध्ये शिकत आहेत त्या घरांनी मुलास सांगावे की भुकटी फुंकायची नाही, हवा मारायची नाही, कोरड्या झाडूने झाडायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. नाकातोंडावर चांगला मास्क लावावा, साधा रुमाल पुरत नाही. कामाचे कपडे घरी झटकू नयेत. ते वेगळे भिजवून धुवावेत.

तर ताई, बचत गटातून लगेच सगळी रक्कम उचलू नका. आधी गिअरबॉक्स उतरवू द्या आणि त्या वेळी पतीने स्वतः तिथे हजर राहावे. सील, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, तिन्ही डोळ्यांनी पाहावे. मग गाडीच्या कंपनीने नेमून दिलेल्या मापाचा साधा ऑर्गॅनिक सेट, तिन्ही नगांसह, पक्क्या बिलावर आणावा. एका बाजूला बटणे आणि एका बाजूला साधे लायनिंग अशीही प्लेट कुणी पुढे करील, तीही नको. नवा क्लच बसल्यावर पहिले सात-आठशे किलोमीटर घाट आणि भरलेली गाडी शक्य तो टाळावी, म्हणजे लायनिंग समोरच्या लोखंडाशी नीट बसते. त्या पंधरवड्यात नाशिकची भाडी सोडावी लागतील, हे मला कळते. जेवढे जमेल तेवढे करा.

आणि उतरवलेली जुनी प्लेट गॅरेजमध्ये ठेवून येऊ नका. ओल्या फडक्याने पुसून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरी आणा. ती ओली होती की चकचकीत, कोणत्या बाजूला झिजली होती, एवढे पोस्टकार्डावर कळवा. गाडीचे साल आणि दुसऱ्या वेळी काय काय बदलले होते तेही लिहा. उत्तर याच सदरात देईन.